सूर्याचं टाइमटेबल

"भारत हा सूर्यप्रकाशाचा देश आहे, इथे वर्षातले ३०० दिवस ऊन असते" या वाक्याने सुरू होणारे किमान पाच सेमिनार मी गेल्या तीन वर्षांत ऐकले आहेत. वाक्य खोटं नाही. आपल्या नगर जिल्ह्यात तर ते जरा जास्तच खरं आहे. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त अजूनही "एक नगर" म्हटलं की तिकीट मिळतं.) सह्याद्रीच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस कमी, आभाळ मोकळं. मग एवढं ऊन असताना सौरऊर्जा घरोघरी का पोचायची राहिली? सेमिनारमध्ये याची तीन उत्तरे ठरलेली असतात: किंमत, जनजागृतीचा अभाव आणि सरकारी अनास्था. स्लाइड बदलते, टाळ्या पडतात.

माझ्या मते या तिघांच्या आधी आणखी एक गोष्ट विचारायला हवी. ऊन किती मिळतं हे सगळे विचारतात, ऊन किती वाजता मिळतं आणि आपल्याला ते किती वाजता हवं असतं हे फारसं कोणी विचारत नाही. आपल्या मेससारखंच सूर्याचंही एक टाइमटेबल आहे आणि तो ते कोणासाठी बदलत नाही. हे टाइमटेबल ज्या कामाशी जुळतं तिथे सौरऊर्जा रुजते, जुळत नाही तिथे खर्च वाढतो आणि भांडणं होतात.

भांडणाचं उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. गर्ल्स हॉस्टेलच्या गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर! त्याचं शास्त्र सोपं आहे. काळ्या काचेच्या नळ्यांमध्ये पाणी तापतं, तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली येतं. याला थर्मोसायफन म्हणतात, पंपाची गरज नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते. (१०० गुणिले ३५ गुणिले ४.१८, भागिले ३६००. कॅल्क्युलेटर काढून बघा.) एवढी उष्णता दीड-दोन चौरस मीटरच्या नळ्या एका दिवसात सहज देतात, म्हणजे ऊन पुरेसं आहे.

पण पाणी तापतं सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत आणि आपण आंघोळ करतो पहाटे ६ ला. मधले चौदा तास ती उष्णता टाकीत धरून ठेवायची असते. म्हणून टाकीला फोमचं जाड आवरण असतं, एक मोठा थर्मासच म्हणा ना. टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली असे थर असतात. संध्याकाळी एखादीने जीन्स धुवायला चार बादल्या गरम पाणी घेतलं की तेवढंच थंड पाणी टाकीत शिरतं, थर मिसळतात आणि रात्री ते पुन्हा तापवायला सूर्य काही येत नाही. सकाळी सव्वासातला उठणारीला जे मिळतं त्याला ती "सोलर बंद आहे" म्हणते. सोलर बंद नसतो, आदल्या दिवशीचा हिशेब संपलेला असतो. शिवाय बोअरवेलचं जड पाणी. दोन वर्षांत नळ्यांमध्ये क्षाराचा पांढरा थर जमतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. हा विषय मी रेक्टर मॅडमना वेगळ्या अर्जात कळवला आहे, इथे लांबवत नाही.

आता अगदी उलट उदाहरण बघू. तेही आपल्याच जिल्ह्यातलं आहे आणि एके काळी जगात गाजलेलं आहे.

माझं गाव राहाता तालुक्यात, त्यामुळे शिर्डी आम्हाला बाजाराइतकी जवळची. लहानपणी साई प्रसादालयात जेवायला गेलो की छतावर मोठमोठ्या चकाकणाऱ्या डिश दिसायच्या. आजी म्हणायची, "एवढे टीव्ही कशाला लागतात गं यांना?" त्या डिश टीव्हीच्या नव्हत्या, स्वयंपाकाच्या होत्या. ३० जुलै २००९ रोजी तेव्हाचे केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जामंत्री डॉ. फारूख अब्दुल्ला यांच्या हस्ते या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ डिश, दिवसाला ३,५०० किलो वाफ, सुमारे २० हजार लोकांचा स्वयंपाक. खर्च १ कोटी ३३ लाख, त्यातले ५८ लाख ४० हजार केंद्राचं अनुदान. त्या वेळी ही जगातली सर्वांत मोठी सौर-वाफ स्वयंपाक यंत्रणा मानली गेली.

या डिशला शेफलर डिश म्हणतात. वुल्फगँग शेफलर नावाच्या माणसाने १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशनमध्ये पहिली चांगली चालणारी डिश बनवली. त्याने सोडवलेला प्रश्न आपल्या पहिल्या वर्षाच्या गणितातला आहे. पॅराबोला (मराठी माध्यमातून आलेली माझी रूममेट सांगते की याला अन्वस्त म्हणतात, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या तासाला कविताच असायच्या, त्यामुळे माझे तांत्रिक शब्द सांभाळून घ्या) समांतर आलेले किरण एका बिंदूत, म्हणजे फोकसमध्ये गोळा करतो. पण सूर्य सरकतो, डिश त्याच्या मागे फिरवावी लागते आणि साध्या डिशमध्ये तिच्याबरोबर फोकससुद्धा फिरतो. मग भांडं कुठे ठेवायचं? आचारी काय डिशच्या मागे कढई घेऊन पळणार?

शेफलरने पूर्ण वाटीऐवजी पॅराबोलाच्या बाजूचा एक तिरका तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या आसावर बसवला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, डिश त्याच वेगाने उलट्या दिशेने फिरते, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ती जागेवरच राहते. फोकस त्या आसावरच असल्यामुळे तो हलत नाही. शिर्डीचा अक्षांश सुमारे पावणेवीस अंश, म्हणून हा आस तिथे जमिनीशी तेवढाच कोन करतो. आस डिशच्या गुरुत्वमध्यातून जात असल्याने फिरवायला ताकदही फार लागत नाही, घड्याळासारखी यंत्रणा पुरते. ऋतूप्रमाणे सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, त्यासाठी डिशचा कल आणि थोडासा आकारही अधूनमधून बदलावा लागतो. फोकसमध्ये वितळणारं लोखंड वगैरे काही नसतं, पाण्याचा रिसीव्हर असतो. त्यातली वाफ पाइपने स्वयंपाकघरात जाते आणि वरण, भात, भाजीच्या मोठ्या भांड्यांना उष्णता देते.

आकडे नुसते वाचून सोडायचे नाहीत असं आमचे थर्मोडायनॅमिक्सचे सर सांगतात, म्हणून मी हिशेब केला. एक किलो पाण्याची दाबाखालची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात. ३,५०० किलोला ९,१०० मेगाज्यूल, म्हणजे जवळपास २,५०० युनिट. डिशचं एकूण क्षेत्र १,१६८ चौरस मीटर. चांगल्या दिवशी दर चौरस मीटरला ५ युनिट थेट ऊन धरलं तर ५,८४० युनिट होतात, म्हणजे ४३ टक्के उष्णता कामी आली. डिश सूर्याकडे तिरकी असते हे लक्षात घेतलं तर हा आकडा छानच आहे. एवढीच वाफ गॅसवर करायची म्हटली, तर एलपीजीचे किलोला ४६ मेगाज्यूल आणि बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरून रोज सुमारे २६४ किलो गॅस लागेल. म्हणजे हॉटेलात दिसणारे १९ किलोचे चौदा सिलिंडर, रोज!

उद्घाटनाच्या वेळी वर्षाला १ लाख किलो गॅस वाचेल असं सांगितलं गेलं होतं. माझ्या हिशेबाने ३६५ दिवसांचे ९६ हजार किलो होतात, म्हणजे आकडा हवेतला नाही. पण त्यात वर्षातला एकही दिवस ढगाळ नाही असं गृहीत आहे. पावसाळ्याचे आणि मळभाचे मिळून ७५ दिवस वजा केले तर ७६ हजार उरतात. सरकारी आकड्यातून पावसाळा वजा करायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ७६ हजार किलोसुद्धा काही कमी नाही.

यात बॅटरी कुठे आहे? कुठेच नाही, लागतच नाही. दुपारच्या पंगतीचा स्वयंपाक सकाळी होतो, संध्याकाळचा दुपारी, आणि डिश तापतात त्याच वेळात. शिवाय ही यंत्रणा जुन्या बॉयलरला जोडलेली होती, त्यामुळे ढग आले की कमी पडलेली वाफ बॉयलर देणार. वीज गेली तरी चालेल अशी तिची रचना होती. सूर्याचं टाइमटेबल आणि आचाऱ्याचं टाइमटेबल एकच निघालं, म्हणून हे जमलं.

मग असे स्वयंपाक गावोगाव का झाले नाहीत? कारण शिर्डीनंतर लगेच पॅनेलचा जमाना आला. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट हे लक्ष्य होतं. २०१५ मध्ये ते १ लाख मेगावॅट केलं. २०२२ ची मुदत हुकली, पण जानेवारी २०२५ मध्ये देशाने तो टप्पा ओलांडला, आणि हे जवळजवळ सगळं पॅनेलवर. उन्हाचं विजेत रूपांतर पॅनेल साधारण २० टक्केच करतं, उष्णतेच्या कामात डिश त्याच्या दुप्पट भरते. तरी पॅनेल जिंकलं. त्याला फिरणारा भाग नाही, आरसे नाहीत, ऋतूप्रमाणे कल बदलायला माणूस नको. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाफ स्वयंपाकघराच्या बाहेर फार लांब जात नाही, वीज तारेवरून शेतापर्यंत जाते.

आणि खरा प्रश्न शेतातच आहे.

हॉस्टेलवरच्या शहरी मैत्रिणींना हे माहीत नसतं म्हणून सांगते. शेतीच्या फीडरला घरासारखी चोवीस तास लाइट नसते. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री, अशी पाळी असते. रात्रीची पाळी आली की पप्पा किंवा काका बॅटरी आणि काठी घेऊन रात्री बाराला मळ्यात जातात. "ऑटो स्विच बसवा ना, मोटार आपोआप चालू होईल," असं मला एकीने सुचवलं होतं. मोटार चालू होते, पण दारं कोण धरणार? एक वाफा भरला की पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला माणूस लागतोच. गहू, हरभरा, कांद्याचं पाणी ऐन थंडीत असतं. डिसेंबरच्या रात्री एक वाजता गुडघाभर गार पाण्यात उभं राहायचं आणि चारी बाजूंना ऊस.

उसात काय असतं हे आमच्या भागात लहान मुलालाही माहीत आहे. २०१३ मध्ये विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे, तेही जंगलात नाही तर माणसांच्या वस्तीत! संगमनेर, राहुरी, राहाता, सगळीकडे उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या येतात. म्हणून पप्पा मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून दारं धरतात. गाण्याची आवड म्हणून नव्हे. आणि रात्री पाळी असली की मम्मीला ते परत येईपर्यंत झोप नसते, मग ती मला मेसेज करत बसते.

शेतीला रात्रीच लाइट का? यामागे दुष्टपणा नव्हता, टाइमटेबल होतं. दिवसा कारखाने, ऑफिसं, शहरं यांची मागणी जास्त. औष्णिक केंद्र रात्री बंद करून सकाळी चालू करणं अवघड, म्हणून रात्री वीज शिल्लक राहायची. जी शिल्लक ती शेतीला. सौरऊर्जेने हे गणितच उलटं केलं. आता दुपारी वीज स्वस्त आणि भरपूर होऊ लागली आहे, चणचण संध्याकाळी सातनंतरची आहे. म्हणजे शिळं वाढायचं म्हटलं तरी ते आता दिवसाच वाढावं लागणार!

शिवाय शेतीचा पंप हे सौरऊर्जेसाठी अगदी आदर्श गिऱ्हाईक आहे. पंप अकरा वाजता चालला काय आणि दोनला चालला काय, पिकाला फरक पडत नाही. मातीत मुरलेलं किंवा शेततळ्यात साठलेलं पाणी हीच त्याची बॅटरी, आणि ती दर चार-पाच वर्षांनी बदलावी लागत नाही. बांगलादेशात २००३ पासून ४० लाखांहून जास्त घरांवर छोटे सौर संच बसले. काम मोठं होतं, पण दिवा लागतो रात्री, म्हणजे प्रत्येक घरात बॅटरी आली आणि तिचा खर्चही. पुढे ग्रिडची वीज गावात पोचली तशी या संचांची मागणी घटत गेली.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. कल्पना अशी की एकेका पंपाला पॅनेल देण्याऐवजी सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा अख्खा फीडर दिवसा त्यावर चालवायचा. प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांपैकी एक आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी, दुसरं यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरला.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. ५ एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॅट, म्हणजे कागदावर एक मेगावॅट २७० मोटारी चालवतो. पण पॅनेलवर लिहिलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पॅनेल ६० अंशांना जातं आणि अंशाला ०.४ टक्के धरलं तरी १४ टक्के वीज कमी. वर धूळ, वायरचा लॉस. २०० मोटारी धरा. उलट डिसेंबर-जानेवारीत हवा थंड, आभाळ स्वच्छ, आणि रब्बीला पाणी तेव्हाच हवं. पावसाळ्यात ऊन कमी पडतं, पण तेव्हा पंपही कमी लागतात, आणि पुण्याहून येताना सुप्याच्या डोंगरावर दिसतात त्या पवनचक्क्या नेमक्या त्याच महिन्यांत जोरात फिरतात.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येकाचा स्वतंत्र सौरपंप. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५. डीपी जळाली म्हणून चंदा गोळा करायला नको, बिल नको. जिथे लाइन पोचतच नाही तिथे हाच पर्याय योग्य. पण आमच्यासारख्या लाइन असलेल्या गावात मला फीडरचा मार्ग बरा वाटतो. पीक निघाल्यावर स्वतंत्र पंपाची पॅनेल महिनोन् महिने नुसती ऊन खात बसतात, फीडरची उरलेली वीज मात्र ग्रिडला जाते.

दोन्ही मार्गांत एक भीती सारखीच आहे. बिल नाही, रात्र नाही, बिबट्या नाही, मग मोटार बंद कोण करणार? रात्रीची पाळी हा एक प्रकारचा जुलमी ब्रेक होता. तो गेला की पर्जन्यछायेतल्या विहिरी आणखी खाली जाणार. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली, तेव्हा तिथे सौर फीडर हा विषयही नव्हता. माझ्या मते सौर फीडर मागणाऱ्या प्रत्येक गावाकडून तो ताळेबंद आधी मागायला हवा. पप्पांना हे पटत नाही. ते म्हणतात, आधी दिवसा लाइट तर येऊ दे, मग बघू.

आमच्या फीडरवर अजून प्रकल्प नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीच्या मीटरवर मोजलं, सबस्टेशनपासून गायरान सव्वातीन किलोमीटरवर आहे, अंतर योग्य आहे. पण त्या गायरानात दरवर्षी मेंढ्यांचे वाडे उतरतात आणि गावातल्या ज्यांना जमीन नाही त्यांच्या शेळ्या तिथेच चरतात. पॅनेल जमिनीपासून माणसाच्या उंचीवर बसवली तर खाली चराई चालू राहील, फक्त लोखंड जास्त लागेल. किती जास्त, ते काढायला सिव्हिलच्या दोघी माझ्याबरोबर आहेत. वाऱ्याचा भार धरून डिझाइन करायचं आहे, आणि शेळी पॅनेलवर उडी मारते हेही. गाइड म्हणून कोणी सर किंवा मॅडम तयार असतील तर गर्ल्स हॉस्टेल, खोली क्रमांक १४ ला निरोप द्यावा. सबमिशन मार्चमध्ये आहे, आणि पुढची ग्रामसभा त्याच्या आधी.